पाटे काढलेली जीप

किल्लारीच्या मलप्पाने जीपचे पाटे काढले, तेव्हा गावातल्या सगळ्या ड्रायव्हरांना वाटलं, बायकोच्या आजारपणाने याचं डोकं फिरलं.

पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडीचं सगळं वजन त्या झेलतात. किल्लारी ते लातूर शिटं भरणारा कुठलाही जीपवाला आधी जास्तीचे पाटे टाकून घेतो. मलप्पानेही घेतले होते. आत माणसं, मागच्या फळीवर माणसं, टपावर हरभऱ्याची पोती, तरी जीप खाली बसायची नाही. लांबून बघितलं तर ती टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी दिसायची.

उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, लक्ष्मम्माला, लकवा मारला. ज्वारी निवडता निवडता ती कलंडली. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, पण सावकाश. लातूरच्या दवाखान्यात पडून राहिली, मग घरी आली, आणि डॉक्टरांनी व्यायामासाठी दर आठवड्याला आणायला सांगितलं.

त्या काळात मलप्पा रडला नाही. चिडलाही नाही. सकाळी चुलीवर पाणी तापवायचा, तिला अंघोळ घालायचा, भाकरी बडवायचा. उदगीरला दिलेली पोरगी वर्षाराणी फोनवर विचारायची, अप्पा, तुम्ही कसे आहात? तो म्हणायचा, बरं आहे. खोटं बोलत नव्हता. आत काही दुखतच नव्हतं. देवळासमोरून जाताना हात आपोआप कपाळाला लागायचा, पण मागायला काही सुचायचं नाही.

दवाखान्याच्या दिवशी लक्ष्मम्माला जीपमध्ये चढवणं हे मोठं काम होतं. तिची चाकाची खुर्ची खाली, जीपचं सीट वर. शेजारचा बालाजी, तोही जीपच चालवायचा, तो पायाकडून धरायचा आणि मलप्पा काखेतून. लुगडं वर सरकायचं. डावा पाय पायरीला अडकून मुरगळायचा, आणि तिला ते कळायचंही नाही. समोर नळावर बाया उभ्या असायच्या. एकदा अशी वर गेल्यावर तिने पदर तोंडावर ओढला आणि लातूर येईपर्यंत काढला नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाली, मी येत नाही. पोत्यावानी उचलून घेऊ नका मला.

मलप्पाने तिला समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी फेरी सोडून त्याने जीप अंगणात लावली. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या घरापुढं तेवढी जागा होती. मागची बाजू जॅकने उचलून चेसीखाली बाभळीचे ओंडके दिले, चाकं काढली. गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडून तो बाजूला बसून राहिला. मग पान्याला लोखंडी पाइप लावून, पाटे आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवले. पाट्यांची चवड शिकंज्यात घट्ट आवळली, कारण मधला बोल्ट निघाला की पाटे उसळतात आणि माणसाचा हात तोडतात. हळूहळू शिकंजा सैल केला. जास्तीचा पाटा निघाला. त्याच्या शेजारचाही काढला. टोकांना कड्या असलेला वरचा मुख्य पाटा त्याने तसाच ठेवला. त्यावरच गाडी उभी असते. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं, मग पुढच्या चाकांना हात घातला.

बालाजी येऊन उभा राहिला.

"पाटे काढायलास? उद्या धा माणसं बसली तर गाडी टायरवर टेकंल."

"बसणार न्हाईत," मलप्पा म्हणाला.

"मग धंदा?"

मलप्पाने पुढच्या नटाला पाना लावला. त्याने तसा विचारच केला नव्हता. बालाजीने खाली बसून शिकंजा धरला.

जीप चार-पाच बोटं खाली आली. तरी सीट खुर्चीपेक्षा उंचच होतं, म्हणून मलप्पाने गादीखालची लाकडी चौकटही काढून टाकली. मग दवाखान्याच्या दिवशी खुर्ची दाराला लावून मधे एक गुळगुळीत फळी टाकली. लक्ष्मम्माने उजव्या हाताने वरची दांडी धरली आणि बूड सरकवत सरकवत ती आपली आपण सीटवर गेली. डावा पाय तिनेच हाताने उचलून आत घेतला. बालाजी नळाकडे तोंड करून उभा होता.

त्या दिवशी गतिरोधकांवर जीपचं पोट दोनदा घासलं. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हात-पाय हलवून बघितले आणि सांगितलं की पाय थोडा सुधारेल, हाताची मात्र आता आशा धरू नका. मलप्पाने मान डोलावली. परतताना औशाच्या पुढं लक्ष्मम्मा म्हणाली, गाडी थांबवा. तिला पाणी हवं असेल म्हणून त्याने बाटली काढली. तिने ती घेतली नाही.

"अवं, माझं अर्धं अंग बधिर झालंय," ती म्हणाली. "तुमचं तर सगळंच झालंय."

तो स्टिअरिंग धरून बसला होता. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. खरं होतं ते.

"हाव," तो म्हणाला.

तिने चांगला हात त्याच्या मांडीवर ठेवला. तो हात जड आणि गरम होता, एवढंच त्याला समजलं. मग त्याने गाडी चालू केली.

शिटं भरणं सुटलं ते सुटलंच. पण गावात बोलबाला झाला, की मलप्पाच्या जीपमध्ये म्हाताऱ्या माणसाला चढता येतं. गुडघे धरलेल्या बाया, मोतीबिंदू काढायला निघालेले म्हातारे, दिवस भरलेल्या पोरी त्याला निरोप धाडू लागल्या. एका वेळी एक पेशंट आणि सोबतीला कुणीतरी, एवढंच. लक्ष्मम्मा बऱ्याचदा पुढं बसायची आणि फळी कशी धरायची ते त्यांना सांगायची. लोक आशीर्वाद द्यायचे. मलप्पाला त्याचं बरं-वाईट काही वाटायचं नाही.

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. लातूरच्या दवाखान्याबाहेर लिंबाखाली जीप लावून तो पेशंटची वाट बघत होता. काच पुसता पुसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुठली आठवण आली नव्हती, कुणी काही बोललं नव्हतं. पाणी येत राहिलं आणि तो पुसत राहिला, काचही आणि गालही. लक्ष्मम्माने आतून बघितलं. तिने हाक मारली नाही. तेवढ्यात काठी टेकत ती पेशंट म्हातारी बाहेर आली. मलप्पाने बाहीला तोंड पुसलं आणि तिच्यासाठी मागचं दार उघडलं.