खांबावरची पहिली मुलगी

२६ जानेवारी, टोकावडे. हजर: मल्लखांबाच्या अकरा मुली, त्यांना शिकवणारी माझी वर्गमैत्रीण सुनंदा आणि मी. खांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वास आला आणि मी शाळेच्या याच मैदानावर चाळीस वर्षं मागे गेले.

तेव्हा मुलींना फक्त दोरावरचा मल्लखांब असे, खांब मुलग्यांचा. एकदा सुनंदा खांबावर चढली आणि टोकावर बसून तेलकट तळवे आम्हाला दाखवू लागली. "उतर गो, खांब बाटवलास," मल्लखांबाचे सर ओरडले. मग त्यांनी खांब पुसून नारळ फोडला. आम्ही मुली हसलो. त्या हसण्याची आज चीड येते.

आता ती शाळेत खिचडी शिजवते, मग मुलींना खांबावर चढवते. मैदानावरच्या पाटीवर मात्र प्रशिक्षक म्हणून नाव आहे ते त्याच सरांचं, कधीच निवृत्त झालेल्या.

"ऱ्हाऊ दे गो, पोरी चढतात ना," सुनंदा म्हणते.

तक्रारीचा अर्ज मी लिहिलाय. तिची सही घ्यायची राहिली आहे.