देवमनजी रुसवे काढायला निघायचे

अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात देवमनजी इंगळेंना न ओळखणारा माणूस भेटलाच, तर तो भाडेकरू समजावा, तोही कालच राहायला आलेला. नोकरी एसटीतली, कंडक्टरची. सगळी हयात अमरावती-अकोला गाडीवर गेली. तिकिटं फाडता फाडता कोणाचा पोरगा लग्नाचा झाला, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं दुखणं हटत नाही, हे सारं ते विचारून घेत. कितीतरी सोयरिकी त्या गाडीतच जुळल्या. त्यांची बायको पार्वताबाई म्हणायची, या माणसाला पगार तिकिटांचा मिळतो आणि काम करतो मध्यस्थाचं.

पण त्यांची खरी ख्याती रुसवे काढण्यात होती. लग्न म्हटलं की वऱ्हाडात कोणीतरी रुसणारच. कोणाला मानाचा टोपी-दुपट्टा उशिरा मिळतो, कोणाचं नाव पत्रिकेत खाली जातं. माणूस पंगतीतून उठून गेला की लोक देवमनजींकडे धाव घेत. त्यांची रीत ठरलेली होती. रुसलेल्याच्या घरी जायचं, चप्पल काढायची, पाणी मागायचं आणि घरच्या बाईला विचारायचं, काय शिजवलं? मग मांडी घालून पोटभर जेवायचं. चूक कोणाची, हा विषयच काढायचा नाही. आता समोर बसून कोणी आपल्या घरची भाकर मोडत असेल, तर त्याच्यावर रागावणार तरी कसं? जेवण होईस्तोवर रुसणारा स्वतःच वाढायला लागलेला असे.

सगळ्यात जास्त फेऱ्या मात्र त्यांच्या स्वतःच्याच भाटव्याकडे, बहिणीच्या नवऱ्याकडे व्हायच्या. धाकटी बहीण भागीरथा अकोल्याला दिलेली. बाप लवकर गेल्यामुळे तिचं लग्न देवमनजींनीच करून दिलं होतं, स्वतःचं लांबणीवर टाकून. तिचे यजमान बुधाजी म्हणजे घरचे थोरले जवाई, आणि रुसण्यात एकदम पटाईत. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांना निमित्त पुरे. मग देवमनजी पिशवीत संत्री भरून अकोल्याची गाडी धरत, मुक्काम करत आणि दुसऱ्या दिवशी हसत परत येत. मुलगा नागसेन शाळेत मास्तर. त्याला हे सगळे फाजील लाड वाटत. एकदा तो चिडून बोललाच, तर देवमनजी म्हणाले, "अबे, रुसते तो आपला असते. परका मानूस रुसत नाई, येनंच बंद करते."

मागच्या उन्हाळ्यात देवमनजी गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला इतके लोक आले की मांडव पुरला नाही. आणि वर्ष फिरत नाही तोच नागसेनच्या हातून घोळ झाला. त्याच्या मुलीचा, दीक्षाचा साखरपुडा होता. टोपी-दुपट्ट्याचा पहिला मान घरच्या थोरल्या जवायाचा. नागसेनने तो नवरदेवाच्या काकाला दिला. काका मोठे साहेब, पुढच्याच खुर्चीवर बसलेले; हात तिकडेच गेला. बुधाजी न जेवता उठले आणि भागीरथेला घेऊन सरळ स्टँडवर गेले.

नंतर किती फोन केले, ते उचलेनात. भागीरथेने एकदा हळूच सांगितलं की हे येत नाहीत तर मी एकटी कशी येऊ. लग्न पंधरवड्यावर आलेलं. दीक्षा बापाला एवढंच म्हणाली, की घरची आजी आधीच गेली, आजोबाही नाहीत, आता अकोल्याची आजीही नसेल तर मांडवात आपल्याकडचं मोठं कोण? नागसेनच्या ते जिव्हारी लागलं. बापाने जन्मभर जे घर बांधून धरलं, ते आपल्या हातात वर्षभरही टिकलं नाही, याची त्याला लाज वाटली, आणि भीतीही.

रविवारी तो बापाच्याच गाडीने, त्याच अमरावती-अकोला एसटीने निघाला. माफीचं भाषण मूर्तिजापूर येईपर्यंत तयार झालं होतं. मास्तरच तो! दार भागीरथेने उघडलं. बुधाजी टीव्ही मोठा करून बसले होते. आत्याच्या यजमानांना तिकडे मामाजीच म्हणतात. नागसेनने भाषण सुरू केलं, "मामाजी, चूक माही हाय," आणि बुधाजींनी आवाज आणखी वाढवला. झालं, भाषण तिथेच आटोपलं. मग काहीच सुचेना, म्हणून त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन विचारलं, "आत्या, काय शिजवलं?"

भागीरथा हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. तिने वरण, भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. नागसेन खाली मान घालून जेवू लागला. थोड्या वेळाने टीव्ही बंद झाला आणि बुधाजी आपलं ताट घेऊन शेजारी येऊन बसले.

"टोपीचा मले काय राग येते रे," ते म्हणाले. "पेटीभर टोप्या पडल्या हायेत घरात."

"मंग उठून काहून आले?"

बुधाजी वरणात भाकर कुस्करू लागले. "मी रुसलो का तुहा बाप येत होता. मुक्कामी राहे, आमी दोघं मस्त बोलत बसू. उगीच ये म्हटलं तर कसा येईन तो? साऱ्या दुनियेचं काम त्याच्याजवळ. म्हून रुसत होतो. त्यालेबी मालूम होतं."

"अन् साखरपुड्याले?"

"सवय, लेका. उठून आलो. गाडीत बसल्यावर ध्यानात आलं का आता येनार कोन हाय."

नागसेनचे डोळे सरळ वाहायला लागले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. इतकी वर्षं ज्याला तो नखरे म्हणत आला होता, ती दोन म्हाताऱ्यांची भेटीची सोय होती.

"लग्नाले येतो आमी," बुधाजी म्हणाले. "नात हाय माही. न येऊन सांगतो कोनाले?"

"या," नागसेन म्हणाला. "अन् लग्न झालं का मंग रुसा, मामाजी. मी येतो."

बुधाजींनी भागीरथेला पोराचं अंथरूण टाकायला सांगितलं. नागसेनची दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, पण त्याने आत्याकडे आणखी अर्धी भाकर मागितली.