त्या खेळाबद्दल माझं मत

आमच्या घरी अजून पाहुणे आले की माझी सेवची गोष्ट सांगून त्यांना हसवतात. म्हणून आज लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत तोंडातून शब्द निघत नाही. वहीत मात्र मधे बोलणारं कुणी नाही.

मिलच्या गेटला कुलूप लागलं तेव्हा आमचे हे लूमखात्यात होते. भोंगा थांबला तरी सकाळी सवयीनं डबा मागायचे. त्या दिवाळीत मस्कतला नोकरीला असलेले नंदोईजी, माझ्या नणंदेचे यजमान, आले, आणि ह्यांचं मन रमावं म्हणून हातात मावणारा एक व्हिडिओ गेम देऊन गेले. राखाडी डबी, हिरवट काच, मागे चार सेल. काचेत तलवारवाला बुटका वीर. त्यानं गुहांत शिरायचं, किल्ल्या शोधायच्या, राक्षस मारायचे आणि अजगरानं पळवलेला गावचा दिवा परत आणायचा.

मिलमधले ह्यांचे एक जोडीदार आमच्याच गल्लीत राहायचे. दोघं दारापुढच्या ओटल्यावर बसून आळीपाळीनं खेळायचे. एका दुपारी गेटवर मीटिंग होती. जोडीदार उठता उठता म्हणाले, "आधी सेव करून ठेवा भिया, मग निघू."

मी आत पोळ्या लाटत होते. मला वाटलं, मीटिंगहून येऊन खायला पाहिजे. बेसन भिजवलं, लवंग कुटली, साचा काढला. दोघं परत आले तेव्हा ताटभर गरम सेव समोर ठेवली.

"ही कशाला?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, सेव करून ठेवा."

जोडीदार ओटल्यावर आडवेच झाले. "वा वहिनी! आता ही डबीत कुठून भरायची? सेलच्या खाचेतून?"

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताट मात्र रिकामं केलं. चार घरांत सांगून आले ते वेगळंच.

तेव्हा मी ठरवलं, हे सेव म्हणजे काय ते बघायचंच. चहा देताना, कपबशा उचलताना बघत राहिले. दोन बटणं एकदम दाबली की चौकोन येतो, त्यातली पहिली ओळ निवडली की खेळ तिथंच थांबून राहतो. तीन खेळणाऱ्यांसाठी तीन जागा होत्या, एक ह्यांची, एक जोडीदारांची. तिसऱ्या जागेत मी नाव घातलं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पहिलंच अक्षर, शिडीसारखं दिसणारं, चार वेळा दाबलं.

दोघं गेटवर धरण्याला गेले की मी खेळायची. खेळातली विहिरीवरची म्हातारी इंग्रजीत काय सांगायची, मला कळत नव्हतं. पण ती ज्या दिशेला तोंड करून उभी राहायची, तिकडेच काहीतरी सापडायचं. हे मी चार दिवसांत ओळखलं. ह्या दोघांनी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही.

पुढे दगडांची खोली आली. जमिनीवर पाच-पाचच्या पाच ओळी दगड. प्रत्येक दगडावर एकदाच पाय द्यायचा, दुसऱ्यांदा दिला की वीर खाली. दोघं तिथं आठ दिवस अडकले आणि मग खेळालाच नावं ठेवू लागले.

"माल डुप्लिकेट आहे भिया, पुढे काही भरलेलंच नाही ह्यात," जोडीदार म्हणाले.

"बनवणाऱ्यालाच डोकं नाही," हे म्हणाले.

मला ती ठिपक्यांची रांगोळी दिसली. हात न उचलता, रेघ रेघेवर न नेता काढायची. दारात रोज काढते मी तशी. दुसऱ्याच खेपेला पुढचं दार उघडलं. पुढे महिनाभरात अजगर मारला, दिवा आणला, आणि सेव केलं. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, कधीतरी दिसेल, मग विचारतील.

पुढच्या दिवाळीला नंदोईजी आले. डबी चालू करून म्हणाले, "अरे, हा तर पूर्ण केलाय! हे ए-ए-ए-ए कोण?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आता विचारतील.

"मीच की," हे म्हणाले. "पण काही दम नाही जीजाजी गेममध्ये. पोरकट आहे."

"आणि वहिनी, तुम्ही?" नंदोईजींनी मला विचारलं.

"तिनं सेव केली," असं हे म्हणाले, आणि मग ती गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. तिथंच बसलेल्या जोडीदारांनी सेलच्या खाचेचा विनोद परत सांगितला.

हसणं संपल्यावर नंदोईजी म्हणाले, "मी त्या दगडांच्या खोलीत अडकलोय. जरा दाखवा ना." त्यांच्याकडे तसलीच दुसरी डबी होती, दोन दिवस बसून त्या खोलीपर्यंत आणलेली.

ह्यांनी ती डबी घेतली. वीर पडला. परत पडला. पाचव्या वेळी उठून माझ्याजवळ आले, आणि हळूच म्हणाले, "जरा धर गं. मी पाणी पिऊन येतो."

माठ माझ्या मागेच होता. मला कळलं, ए-ए-ए-ए कोण ते ह्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"माझे हात पिठाचे आहेत," मी म्हणाले. मोठ्यानं. बाहेर ऐकू गेलं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी बोलले नव्हते.

नंदोईजींनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात कोरडे होते. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि आपली डबी बंद करून खिशात घातली. त्या दिवशी परत कुणी खेळाचं नाव काढलं नाही.

सेवची गोष्ट मात्र चालूच आहे. तर आता माझं मत. खेळ चांगला आहे. डुप्लिकेट नाही, पोरकट तर मुळीच नाही. त्यात एकच खोट आहे. दिवा परत आणल्यावर गावात फिरून बघा, लोक तेच जुनं बोलत असतात. कुणी आणला, एकही जण विचारत नाही.