सरूचे मंगळवार

माझे सगळे प्रताप घरात ठाऊक आहेत, नातवंडं त्यावरून चेष्टाही करतात. पण ही एक गोष्ट अजून कुणाच्या कानावर गेलेली नाही. तुम्हाला सांगते. मध्येच हसू आलं तर हसा — मलाही येतं.

निजामाचं राज्य होतं. येरमाळ्यात मी नवी सून. अंगावरून जायला लागलं की थांबायचं नाही, थांबलं की पुन्हा कधीही सुरू. निम्मा महिना मी बाजूलाच बसलेली. आणि नवऱ्याजवळ निजले, की दुसऱ्या दिवशी ओटीपोटात अशी कळ — जात्यावर बसवत नसे. सांगायचं कुणाला? सासूबाईंना? छे!

मग एका मंगळवारी आरतीत मी घुमायला लागले. केस मोकळे, डोळे फिरवलेले, सगळं साग्रसंगीत. देवीच्या आवाजात नवऱ्याला बजावलं, "हिला शिवायचं न्हाय!" बिचारा माळवदावर निजायला गेला. सासूबाई चक्क माझ्या पाया पडल्या. काय मजा वाटली म्हणून सांगू!

माहेरी गेल्यावर दुखणं तेवढं आईला सांगितलं. तिनं गुपचूप नाक्यापलीकडे, इंग्रजी हद्दीत, बार्शीला नेलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं. आत सूज होती. औषध दिलं आणि म्हणाली, बरं होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहा. मी पदरात तोंड लपवून हसले. बरी झाले, देवीचा हुकूम फिरला, नवरा माळवदावरून खाली आला. पण घुमणं मी सोडलं नाही — मान कुणाला नको असतो?

आणि एक दिवस शेजारची सरू आली. तिच्या सासूनं तिला माझ्यापुढं बसवलं.

"आई, हिच्या अंगावरनं सारखं जातंय. नवऱ्यापाशी गेली की पोट धरून रडती. कुणाची करणी हाय का, सांग."

माझंच दुखणं. बार्शी — एवढंच म्हणायचं होतं. सासूनं त्याच दिवशी गाडी जुंपली असती. पण देवी दवाखान्याचं नाव घेते, म्हटल्यावर लोकांना शंका आली असती. माझं सोंग उघडं पडेल म्हणून मी घाबरले. "मंगळवार धर," म्हणाले.

तिनं मन लावून धरले. आडावर एकटी भेटायची, तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? नाही सांगितलं. पोरगी वाळत गेली. शेवटी नवऱ्यानं तिला माहेरी घालवलं आणि दुसरी केली.

त्या लग्नाला मी गेले होते. देवीचा हात म्हणून नव्या नवरीची ओटी माझ्याकडूनच भरून घेतली. लापशी छान झाली होती. मी पुन्हा मागून घेतली.