सोमीच्या पदरातली दोन बटणं

सोमी गिझर बसवायला आली की घरमालकाशी भांडते. पाना हातात घेण्याआधी भांडते, घेतल्यावरही भांडते. जव्हारात गॅसचे गिझर बसवणारे आणखी दोघे आहेत. ते बिचारे भिंतीला टांगतात आणि जातात. ही भिंतीला भोकं पाडते! वर एक, धुराचा पाइप बाहेर न्यायला. खाली एक, जाळीचं, हवा आत यायला.

"नवीन भिंत आहे गं, सोमे," मी कळवळून म्हटलं.

"म्हणूनच. आमच्या जामसरच्या घराला कुडाच्या भिंती, फटीफटीतून वारा. चूल पेटली तरी जीव घुसमटत नाही. तुम्ही सिमेंट लावून डबा बंद केलात, काकू."

कधीकाळी ती नवऱ्याबरोबर ठाण्याला बांधकामावर घमेली उचलायला गेली होती. परत आली ती नळकाम आणि हिंदीतल्या शिव्या शिकून. दोन्हींत हात साफ आहे बाईचा.

मी भाड्यानं राहणाऱ्या पाहुण्यांसाठी घरातल्या दोन खोल्या काढल्या होत्या, म्हणून हा गिझर. तो बसवला मागच्या कोठीत. जाताना सोमीनं बजावलं, "इथं कुणी झोपायचं नाही. आणि खालची जाळी बुजवायची नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

जानेवारीत पहिले पाहुणे ठरले. दोन्ही खोल्या त्यांना, माझी खोली ही एवढीशी चिंचोळी, मग माझी नात रविना झोपणार कुठे? कोठीत अंथरूण घातलं. जाळीतून असला बोचरा वारा येत होता! पोरीला सर्दी व्हायची म्हणून जुन्या गोधडीचा बोळा केला आणि जाळीत घट्ट कोंबला. खिडकीही लावून घेतली.

पाहुणे यायचे तो बाजाराचा दिवस होता. सोमी चहाला टपकली, मागं हात धुऊन आली आणि मुकाट ओट्यावर बसली. सोमी आणि मुकाट! तिथंच मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात पाहुणे आले. टॉवेल खांद्यावर टाकून गरम पाणी मागू लागले. मी कोठीत गेले तर गिझरची दोन्ही बटणं गायब!

"काय शोधताय, काकू?" सोमी बशीतून चहा भुरकत म्हणाली. पदराच्या गाठीत दोन टेंगळं दिसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दे इकडं, मेले! पाहुण्यांसमोर अब्रू घालवतेस?"

"देते. आधी उदबत्ती आणा."

तिनं बटणं बसवली, दार ओढलं, मला नळ सोडायला लावला. गिझर भडकला. तिनं त्याच्या डोक्याशी पेटती उदबत्ती धरली. धूर पाइपात जायला हवा होता. तो उलटा फिरला, खोलीत पसरला आणि हळूहळू रविनाच्या उशीवर उतरला.

"हा दिसतो तरी," सोमी म्हणाली. "गिझरचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही."

अंथरूण मीच घातलं होतं, बोळाही मीच कोंबला होता. सोमीनं तो उपटला, खिडकी उघडली. थोड्या वेळानं धूर वळला आणि सरळ पाइपात शिरला.

"मग नुसतं सांगायचं ना गं!"

"सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

अंथरूण त्याच पावली माझ्या चिंचोळ्या खोलीत गेलं. आता रोज सकाळी गिझर लावला की मी उदबत्ती धरते. पाहुण्यांना वाटतं, काय भाविक बाई, गिझरचीही पूजा करते! एकजण तर हात जोडून उभा राहिला.

रविना त्यांना सांगून टाकते, "पूजा नाही ती. आजी घाबरते."

घाबरते, बाई. धूर पाइपात शिरेपर्यंत घाबरते.