एकतीस नंबरचा बिल्ला

हे लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या घरी बुद्धवंदना होते. भुताखेताचं नाव काढलं तरी वडील चिडतात. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तेवढं सांगतो.

केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडे आमचं गाव. दुष्काळात सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलेलं. तिथे दर रविवारी मोफत दवाखाना भरायचा. रफिकभाई आपल्या जीपमधून केजहून डॉक्टरांना आणायचे, अंगणवाडीच्या सुमनताई वजन-बीपी बघायच्या, आणि मी – तेव्हा बारावीत – वहीत नावं लिहून पत्र्याचे बिल्ले वाटायचो. एकूण चाळीस. डॉक्टरांचा नियम एकच: सगळे बिल्ले परत आल्याशिवाय दार लावायचं नाही. कारण म्हातारी माणसं रांग सोडून बारदानाच्या थप्पीमागे गारव्याला झोपून जायची.

दवाखान्याच्या शेवटच्या रविवारी टँकर आला आणि सगळे घागरी घेऊन पळाले. एकतीस नंबर परत आला नव्हता. आई आजारी, पाणी मलाच भरायचं होतं. सुमनताईंनी विचारलं, तर "आले सगळे" म्हणालो आणि कडी लावली. थप्पीमागे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या शिपायाने दार उघडलं तेव्हा आत कोणी नव्हतं म्हणे. पण ते माझ्या मनातून गेलं नाही.

चार वर्षांनी गोदाम पाडायचं ठरलं. दवाखान्याचं सामान न्यायला आम्ही तिघं पुन्हा भेटलो. डॉक्टरांचा फोन लागला नाही. भर दुपार होती. वजनकाटा, दोन बाकं, वही, बिल्ल्यांचा डबा... सगळं तसंच. आम्ही आवरत असतानाच लोखंडी दार लोटलं गेलं.

मी ढकललं. हललं नाही.

"काहून रे, कॉलेजात दार उघडायला शिकवत न्हाईत का?" म्हणत रफिकभाईंनी खांदा लावला. मग त्यांचंही हसू गेलं. फटीतून बाहेरची कडी दिसत होती – लावलेली नव्हती, नुसती लोंबत होती. दहा पावलांवर लिंबाखाली शिपाई बसलेला. आम्ही ओरडलो, दार बडवलं. त्याने मान वळवली नाही. मोबाईलला रेंज नाही. वरचे पत्रे भाजत होते.

सुमनताईंना दमा आहे. त्या बाकावर बसल्या, छातीत शिट्टी वाजायला लागली. पंप जीपमध्ये राहिलेला. त्यांची नजर डब्यावर गेली.

"त्या दिवशी... सगळे बिल्ले आल्ते ना रे, बाळा?"

मी डबा उघडून मोजले. एकोणचाळीस. खरं काय ते सांगून टाकलं. रफिकभाई पुन्हा दाराला हात लावून उभे राहिले.

ताई कशाबशा म्हणाल्या, "मग पुकार की. अजून बसलंच असंल ते."

मला लाज वाटत होती, भीतीही. तरी पूर्वीसारखा पुकारा केला, "एकतीस नंबर... या."

कोणी आलं नाही. पण रफिकभाईंचा हात दारावर होता, आणि दार नुसत्या हाताने उघडलं.

ताईंना धरून जीपपाशी नेलं, पंप दिला. डबा आणायला मी परत आत गेलो. रिकाम्या बाकावर एकतीस नंबरचा बिल्ला पडला होता. गरम, ओलसर – बराच वेळ मुठीत धरल्यासारखा.

बाहेर शिपाई तांब्या घेऊन आला. आम्ही हाका मारल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "दार तर उघडंच होतं की. तुमी तिघं बाकावर बसल्ते गप, नंबर लावल्यावानी."

रफिकभाई म्हणतात उन्हाने डोकी फिरली असतील. असेलही. ताई बऱ्या आहेत, रागावल्या नाहीत, दर रविवारी फोन करतात.

त्या माणसाला शोधून माफी मागावी म्हणून मी वही उघडली. एकतिसावी ओळ माझ्याच अक्षरात आहे. वय पासष्ट. तक्रार – दम लागतो, छातीत घरघर. नावाचा रकाना कोरा आहे. गडबडीत विचारलंच नव्हतं.

पुकारायला माझ्याजवळ फक्त नंबर होता.