मराठीचं पथ्य

आमच्या घरात माझ्याखेरीज ही लिपी आता कोणी वाचत नाही, म्हणून बिनधास्त लिहिते. मलासुद्धा ती आली ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. तंजावुरातल्या आमच्यासारख्या घरांत मराठी तोंडात राहिली, कागदावर फारशी उतरली नाही. पण त्या तोंडातल्या मराठीची ऐट काय वर्णावी! माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, उंबऱ्याच्या आत तमिळचा एक शब्द चालू देत नसत. दूधवाल्याशी बोलायचंय? पायरी उतरा, बोला, मग आत या. राजवाड्यामागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, आणि नियम हे असे.

त्या घरात माझी लेक दीड वर्षाची झाली आणि एक शब्द बोलेना. आई नाही, अम्मा नाही, काही नाही. हसायची, रडायची, बोटाने दाखवायची. डोळे इतके चलाख की बघणारा म्हणायचा, अगंबाई, काय हुशार पोर आहे!

मला पहिल्यांदा धसका बसला तो एका सकाळी. इडलीचं पातेलं ओट्यावरून सुटलं आणि तिच्या पाठीमागे दोन हातांवर दाणकन आपटलं. शेजारणीचं तान्हं पलीकडच्या घरात किंचाळून रडायला लागलं. माझी लेक चमच्याशी खेळत होती, ती खेळतच राहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ते ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून, रोज मोपेडवरून जायचे-यायचे. दमून आलेला माणूस, म्हणाला, "अगं, खेळात रमली असेल. तू उगाच मनाला लावून घेतेस." मामंजी आतून ऐकत होतेच. ते म्हणाले, "आपल्या घरातली पोरं उशिराच बोलतात. घरात एक भाषा, दारात दुसरी. डोक्यात भरतंय सगळं तिच्या. एकदा बोलायला लागली की थांबवावी लागेल." शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. रोज साडेपाचला मोपेड गल्लीत शिरली की ही पोर हातातलं टाकून दाराकडे धावायची. "ऐकू येत नाही म्हणतेस? मग मोपेड कशी ऐकू येते?" खरं सांगू? मला उत्तर नकोच होतं. कोणीतरी मला खोटं ठरवावं म्हणून मी तळमळत होते.

दोन वर्षांची झाली तरी गप्पच, तेव्हा मी हट्टाने गावातल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेली. मोठं नाव होतं त्यांचं. त्यांनी जीभ बघितली, टॉर्च मारून घसा बघितला, वजन केलं. मग विचारलं, घरात काय बोलता? मामंजींनी छाती पुढे काढून सांगितलं, मराठी. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की जणू रोग सापडला! "हेच ते. बाहेर तमिळ, घरात मराठी. मूल गोंधळलंय. एक भाषा बंद करा."

मी म्हटलं, "डॉक्टर, हिला ऐकू येतं का ते बघा ना."

ती माझ्या मांडीवर होती. ते तिच्या मागे गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. मी दचकले. मी दचकले म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि मी जिकडे बघत होते तिकडे मान वळवली. "बघा, वळली की! अम्मा, तुम्ही फार काळजी करता." झालं. अर्ध्या मिनिटाची तपासणी. माझ्याच अंगाने माझ्या लेकीविरुद्ध साक्ष दिली, आणि हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

कुठली भाषा बंद करायची यावर घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. शाळा तमिळमध्ये, गल्ली तमिळमध्ये, दुकान तमिळमध्ये, म्हणजे जायचं ते मराठीनेच. तिसऱ्या दिवशी मामंजींनी देवासमोर हात जोडले आणि बाहेर येऊन जाहीर केलं की नातीसाठी आपण मराठी सोडली. औषधाचं पथ्य पाळतात तसं पाळायचं, कोणी मोडायचं नाही. त्यांचे डोळे भरले होते. मलाही रडू आलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पथ्य मात्र कडक पाळलं. 'ये गं बाळे'चं 'वा म्मा' झालं. मी तिला थोपटताना गुणगुणायची ती गाणी बंद झाली. मामंजी माझ्याशी परक्या बाईशी बोलावं तसं मोजून तमिळ बोलू लागले. चुकून माझ्या तोंडून मराठी गेली की बोट वर करायचे. नातेवाईक यायचे, कॉफीचे टंबलर हातात घेऊन उसासे टाकायचे. पिढ्यान्पिढ्या राखलेली भाषा नातीसाठी सोडली, केवढा त्याग! मामंजींना ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार?

आणि पोर? पोर गप्पच. आता तर हट्ट वाढला, मनासारखं झालं नाही की डोकं जमिनीवर आपटायची. महिन्यामागून महिने गेले. प्रेशर कुकरच्या शिट्टीला ती वळत नाही, हे मी रोज बघत होते. शेजारी नवीन केबल आली होती, मोठ्याने गाणी लागायची, सगळी पोरं नाचायची, ही त्यांचे पाय बघून नाचायची. मी बघत होते आणि बोलत नव्हते. कसं बोलणार? अख्ख्या घराने तिच्यापायी आपली भाषा टाकलेली. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की हे सगळं फुकट आहे? मला मामंजींची भीती वाटायची, त्यांच्या दुःखाची लाज वाटायची. त्या भीतीपायी आणि लाजेपायी मी चौदा महिने घालवले. डॉक्टरला मी शिव्या देते, मामंजींना देते, पण हे चौदा महिने माझे आहेत.

मग एकदा मामंजी लग्नाला म्हणून बाहेरगावी गेले. संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, लेक दाराकडे पाठ करून पाटीवर रेघोट्या मारत होती. साडेपाच वाजले. मोपेड गल्लीत शिरली, फटफट करत दारापर्यंत आली. यांनी हॉर्नसुद्धा वाजवला. ती रेघोट्याच मारत राहिली. हे चपला काढून आत आले, तिच्या समोर उभे राहिले, तेव्हा दचकून हसली.

मी सुपासकट तशीच बसून राहिले. रोज साडेपाचला मामंजी वर्तमानपत्राची घडी करायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि उठून दाराची कडी काढायचे. पोर ते बघून धावायची. मोपेड तिने आयुष्यात कधी ऐकलीच नव्हती.

यांना मी म्हटलं, "उद्या मद्रासला जायचं." तेही मराठीत म्हटलं. यांनी बोट वर केलं नाही.

मद्रासच्या इस्पितळात कानांची तपासणी करणाऱ्या बाई तरुण होत्या. लेकीला झोपवून डोक्याला तारा लावल्या, कागदावर रेषा काढल्या. मग म्हणाल्या की दोन्ही कान जवळजवळ बंद आहेत, बहुधा जन्मापासून. मी त्यांना दोन भाषांचं सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "घरात दहा भाषा बोलला असता तरी मूल बहिरं झालं नसतं. आणि एक बंद केली म्हणून ऐकू येणार होतं का? पहिल्यांदा शंका आली तेव्हाच का नाही आणलंत? हीच तर शिकायची वर्षं होती." रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

छातीवर अडकवायची ऐकण्याच्या यंत्राची डबी मिळाली, तिच्यातून दोन तारा कानांत. बाईंनी बजावलं, आता तोंडासमोर बसून, ओठ दिसतील असं, सतत बोला. जी शाळेत शिकणार तीच भाषा धरा. शाळा अर्थातच तमिळ. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "म्हणजे भाषेचा दोष नव्हता. मग आता मराठी सुरू करू या." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "तिच्यासाठी आता एकच भाषा शिकण्यापुरता वेळ उरलाय, मामंजी! बाकीचा आपण खाल्ला!" दुसऱ्या दिवसापासून मोठी माणसं आपसांत मराठी बोलू लागली आणि तिच्याशी तमिळ. तिच्या यंत्राचं कौतुक करायला मात्र कोणी नातेवाईक आले नाहीत.

ती आठ वर्षांची झाली तोवर मामंजी गेले होते. ती बोलायची, जाड, सपाट आवाजात, पण बोलायची. आमच्या ओठांवरचं तमिळ भराभर वाचायची. एका रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी आणि हे बोलत बसलो होतो. ती आमच्या मध्येच होती. थोडा वेळ तिने यांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मग माझी हनुवटी धरून माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि विचारलं, "तुम्ही दोघं बोलता ते मला का दिसत नाही?"

मी सांगितलं, ती आमची जुनी भाषा आहे.

"माझ्याबद्दल बोलत होता?"

मी म्हटलं, "इल्लै म्मा." नाही गं. तिने माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि मान हलवून खेळायला गेली. तिला तिरुचीच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवायचं, आणि ते तिला शेवटच्या दिवसापर्यंत सांगायचं नाही, असं आम्ही ठरवत होतो. तिच्यासमोर बसून, मोठ्याने, मराठीत.